पंचनामा : आपत्ती-मदतीचा पाया

अतिवृष्टी, पूर वा गारपीट यांमुळे उभे पीक हातचे गेले म्हणजे शेतकऱ्यास शासनाकडून जी रक्कम मिळते, ती पिकाची किंमत नव्हे आणि विम्याची भरपाईही नव्हे. विम्यासाठी हप्ता व करार असतो. आपत्ती-मदतीसाठी हप्ता नसतो. पुढील हंगामाचे बियाणे व खत घेता यावे, शेत पडीक राहू नये, हा तिचा हेतू होय.

निधी व दर

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्राच्या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. पूर्वी निम्मे पीक गेल्याखेरीज मदत मिळत नसे. २०१५ साली ही अट ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने हेक्टरी दर ठरविले, ते असे : जिरायत पिकास ८,५०० रुपये, बागायतीस १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये, मर्यादा दोन हेक्टर. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा व सोलापूर भागांत महापुराने हाहाकार उडाला. तेव्हा राज्य शासनाने ही मर्यादा तीन हेक्टर केली व रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १०,००० रुपये अधिक जाहीर केले.

एक उदाहरण

दीड हेक्टर जिरायत सोयाबीन असलेल्या शेतकऱ्याचे अर्धे पीक गेले, असे समजू. मूळ दराने त्यास १२,७५० रुपये व रब्बीसाठी १५,००० रुपये, म्हणजे एकूण २७,७५० रुपये मिळतील. त्याच्या शेजाऱ्याची हानी ३० टक्के ठरली, तर त्यास या दराने काहीच मिळणार नाही. पंचनाम्यातील एका आकड्यावर एका कुटुंबाची पेरणी अवलंबून असते, ती अशी.

पंचनामा कसा होतो ?

महसूल, कृषी व ग्रामविकास या तिन्ही विभागांचे गावपातळीवरील कर्मचारी बांधावर जाऊन पाहणी करतात. शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूर जिल्ह्यासह सर्वत्र, मदत राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या ६-४ या भागानुसार मिळते व पाहणी पटवारी करतो. नियमांत फरक असला तरी पाहणीवाचून मदत कोठेच नाही.

पाहणीच्या वेळी शेतकऱ्याने शक्यतो स्वतः हजर राहावे. गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र व हानीची टक्केवारी वाचून घ्यावी आणि मगच सही करावी. पेरणीनंतर ई-पीक पाहणीत पिकाची नोंद झाली आहे ना, हे आधीच पाहून ठेवावे.

वगळले जाणारे

सातबारावर मयत पतीचेच नाव राहिलेली विधवा आणि तोंडी कराराने जमीन कसणारा बटाईदार, या दोघांचे नुकसान खरे असूनही मदत त्यांच्या हाती पोहोचण्यास अडथळा येतो. वारसनोंद आपत्तीपूर्वीच करून घेणे हा पहिल्या अडचणीवरील उपाय होय. दुसरीबाबत जमीनमालकाने प्रामाणिकपणे वागावे व मदतीतील कसणाऱ्याचा वाटा त्यास द्यावा, हे उचित होय.

अधिकाऱ्यांनी बाधितांची यादी ग्रामपंचायतीत लावावी व हरकती ऐकून घ्याव्यात. शिक्षकांनी वरील उदाहरण वर्गात सोडवून घेतल्यास घरोघरी एक तरी जाणकार तयार होईल. नावे सुटली असतील, तर ती रक्कम वाटप होण्यापूर्वी निदर्शनास आणणे सोपे असते.