राजीनामा फाड

सावेडी, अहिल्यानगर

चि. सुहास यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई काल रडत आली. तू राजीनामा लिहून ठेवलायस आणि फोन बंद केलायस म्हणे. कारणही कळलं. वाळूचा डंपर पकडलास, पंचनामा बदलेनास, म्हणून पुढाऱ्याच्या माणसांनी भूमी अभिलेखातल्या त्या मुलाबरोबरचा तुझा फोटो कचेरीभर फिरवला.

राजीनामा आधी फाड. माझी नोकरी आवक टपाल नोंदवण्यात गेली. डाव्या हाताने लिहिलेले निनावी अर्ज मी ढिगाने पाहिलेत, असली बदनामी मला नवी नाही. 6 सप्टेंबर 2018 पासून दोन सज्ञान माणसांचं हे प्रेम गुन्हा नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. धमकावणं मात्र गुन्हा आहे. निलंबन झालंच तर खुलासा दे, मॅट न्यायाधिकरणात जा. पण फोन का बंद?

आणि कोणीही फोटो काढेल असं कचेरीच्या गच्चीवर कशाला भेटायचं रे? डंपर पकडणाऱ्यावर किती डोळे असतात, तुला कळू नये?

अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे, आपले नागपूरकडचे डॉ. श्रीनिवास सिरस आठव. फेब्रुवारी 2010 मध्ये लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि निलंबित झाले तेच. निवृत्ती काही महिन्यांवर होती. ते कोर्टात गेले. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि 7 एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. कोर्टाने नोकरी वाचवली, पण घरात दुसरं माणूस नव्हतं. म्हणून परत विचारते, फोन का बंद? रात्री खोलीवर कोण असतं तुझ्या?

माझं तर तुला ठाऊकच आहे. अप्पांनी जात काढली आणि कोषागारातला तो बदली घेऊन कोपरगावला गेला. माळीवाड्याच्या स्टँडवर कोपरगावची एसटी लागली की अजून मी पाटी वाचते, जायचं कुठेच नसतं.

गच्चीवरून रागावले, ते मनावर घेऊ नकोस. जाणार तरी कुठे होतात? या घरात त्याला आण, असं तुला कोणी कधी म्हटलं?

मी म्हणते. रविवारी दोघे या. तुझ्या आईला मी बघते. ती तुझ्यावर रागावलेली नाही, घाबरलीय. हुलग्याचे शेंगोळे करणार आहे. तुला झणझणीत लागतात, पण त्याला लसूण-मिरची कितपत सोसते, तेवढं कळव.

तुझी,
आत्या