गीता ३.२१ : पालकांचा नंबर म्हणून कोणाचा नंबर?



आज तिसऱ्या अध्यायातला २१ वा श्लोक. अर्थ साधा आहे: श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसे बाकीचे वागतात, तो जे प्रमाण मानतो त्याच्यामागे लोक जातात. 'श्रेष्ठ' म्हटलं की आपल्याला संत, राजे, नाहीतर क्रिकेटपटू आठवतात. पण दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने श्रेष्ठ कोण? आई-बाबा तर आहेतच. आणि दादा, ताई, मामा, आत्या. थोडक्यात, ज्याच्याकडे भारी फोन आहे तो. म्हणजे आपणच!

आता गेम्सचं बघा. 'जीटीए ५' ला युरोपात १८+ आणि अमेरिकेत १७+ असं रेटिंग आहे, तरी तो पाचवीतल्या मुलांना माहीत असतो. घरात पुष्कळांना वाटतं की हा आकडा म्हणजे गेम किती अवघड ते, कोड्याच्या खोक्यावर '८+' लिहितात तसं. तसं नाहीये. तो आकडा आत काय दाखवलंय ते सांगतो: रक्त, शिव्या, माणसाला माणूस कसा मारतो.

हे आकडे आले कुठून? 'मॉर्टल कॉम्बॅट'सारख्या गेम्सवरून १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये तिथल्या गेम उद्योगानेच रेटिंग देणारं मंडळ काढलं. पुढे कॅलिफोर्नियाने मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घालणारा कायदा केला. तो २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. म्हणजे प्रश्न फिरून घरातच आला. आपल्याकडे २०२१ मध्ये बीजीएमआय आला तेव्हा १८ च्या खालच्यांसाठी पालकांचा मोबाइल नंबर आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा असा नियम होता. चांगलाच नियम. पण भाचा येऊन म्हणतो, "मामा, तुझा नंबर टाकू का? आईला नको सांगू." मग?

इथे श्लोक अंगावर येतो. नंबर दिला की आपण त्याला गेम देतोच, शिवाय आईला न सांगता जमवायचं असतं हेही शिकवतो. मला तर दुसरी गोष्ट जास्त वाईट वाटते. गेम खेळून मूल गुन्हेगार होतं, असं मी म्हणत नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनेही २०२० मध्ये असा थेट संबंध लावायला पुरेसा पुरावा नाही असंच म्हटलं. चिडचिड, आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी मात्र थोडा संबंध दिसतो, असंही म्हटलं.

कोणी म्हणेल, महाभारतात काय कमी मारामारी आहे? आहे ना. पण अभिमन्यू पडतो तेव्हा गोष्ट सांगणारी आजी थांबते, मूल रडतं, "असं का केलं?" विचारतं. गेममध्ये पडलेल्याचे पॉइंट मिळतात, आणि शेजारी कोणी नसतं.

तर भाच्याला नुसतं "नाही" म्हणून सोडू नका. ताईला फोन करा, दोघं मिळून प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये पॅरेंटल कंट्रोल लावा, पिन ताईकडेच राहू दे. मग १२+ मधला एखादा गेम त्याच्या शेजारी बसून खेळा, रविवारी अर्धा तास. आणि हो, जेवताना आपला फोन पालथा ठेवा, तो बघत असतो.

उद्या श्लोक २२, तिथे श्रीकृष्ण स्वतःचंच उदाहरण देतात.