शुगर अपडेट होते तेव्हा...

अपडेट हा शब्द आपल्या हॉस्टेलवर फारसा कुणाचा लाडका नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री मशीन आपणहून रीस्टार्ट झालं की कॉरिडॉरमध्ये जी भाषा ऐकू येते ती या अंकात छापता येणार नाही. पण आपलं निभावतं. शेजारच्या रूममधून पेनड्राइव्ह आणायचा, विंडोज परत टाकायची, मोकळं व्हायचं. आता समजा, तेच मशीन तिसरीतल्या एका मुलीच्या हातात आहे. शाळा एकशिक्षकी, नेट नाही, आणि अपडेटनंतर तिची दोन महिन्यांची चित्रं दिसेनाशी झाली. तिने कुणाकडे जायचं? गुरुजी तरी काय करणार?

हा प्रश्न मनावर घेऊन बांधलेलं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्याचं नाव शुगर. फीचर्स मोजून दाखवायला हा लेख नाही. ती अपडेट होताना आत काय काय सांभाळावं लागतं, हे मला सांगायचंय. कारण तेवढं इंजिनिअरिंग आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच येत नाही.

थोडा इतिहास. एमआयटी मीडिया लॅबच्या निकोलस निग्रोपॉन्टे यांनी जानेवारी २००५ मध्ये दाव्होसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या नावाने ती जगभर गाजली. प्रत्यक्षात एक्सओ-१ हा हिरवा-पांढरा लॅपटॉप २००७ च्या नोव्हेंबरात कारखान्यातून बाहेर पडू लागला तेव्हा किंमत दोनशे डॉलरच्या आसपास गेली होती. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी, हार्डडिस्क नाहीच, फक्त १ जीबी फ्लॅश. आपल्या मोबाइलपुढे ही खेळणी वाटतील, पण स्क्रीन मात्र भर उन्हात वाचता यायचा! या लॅपटॉपसाठी पायथॉनमध्ये लिहिलेला डेस्कटॉप म्हणजे शुगर. २००८ मध्ये वॉल्टर बेंडर यांनी वेगळं होऊन शुगर लॅब्ज काढली, म्हणजे हे सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपच्या दावणीला बांधलेलं राहणार नाही. हा निर्णय दूरदृष्टीचा ठरला. एक्सओ आता बनत नाहीत, शुगर मात्र चालू आहे.

आपल्याकडे केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या लॅपटॉपला नकार दिला होता. तरी २००७ मध्ये भारतातला पहिला प्रयोग झाला तो आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत. उरुग्वेने २००७ ला सुरुवात करून २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. पेरूतही लाखोंनी वाटले, पण २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेचा अभ्यास आला आणि त्यात गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. माझं मत विचाराल तर यात नवल नाही. यंत्र वाटणं ही एका दिवसाची गोष्ट, पुढची दहा वर्षं ते चालू ठेवणं ही खरी.

असो. शुगर उघडली की पहिल्यांदा माणूस गोंधळतो. फाइल नाही, फोल्डर नाही, ‘सेव्ह ॲज’ नाही. प्रोग्रॅमला इथे ॲक्टिव्हिटी म्हणतात. मुलाने जे काही केलं ते आपोआप ‘जर्नल’मध्ये जमा होतं. कधी केलं, कोणाबरोबर केलं, तेही त्यासोबत. सीमोर पॅपर्ट यांचं म्हणणं होतं की मूल करता करता शिकतं, त्यामुळे त्याने काय केलं याची वही महत्त्वाची. (फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवत असेल तर एक गंमत: या प्रकल्पात गाभ्याला ग्लुकोज म्हणतात, मूळ ॲक्टिव्हिटींच्या संचाला फ्रुक्टोज आणि दोन्ही मिळून सुक्रोज!)

आता अपडेटकडे. सुरुवात आवृत्तीच्या आकड्यापासूनच करू, कारण व्हायवाला विचारण्यासारखं आहे. शुगरची ०.९८ आवृत्ती २०१२ मध्ये आली. पुढची कोणती? ०.१००. इथे वर्गात हमखास कुणीतरी म्हणतो, ‘सर, ०.१०० म्हणजे ०.१, ती तर लहान झाली.’ बरोबरच आहे. अपूर्णांक म्हणून तुलना केली तर नवी आवृत्ती जुनी ठरते. मजकूर म्हणून केली तरी तेच, कारण ‘१’ हे अक्षर ‘९’ च्या आधी येतं. मग अपडेट करणारा प्रोग्रॅम म्हणणार, ‘तुमच्याकडे आधीच नवीन आहे.’ हा टिंब दशांशचिन्ह नाही, तो नुसता विभाजक आहे. टिंबावर तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा पूर्णांक म्हणून ताडायचा. एवढ्याशा गोष्टीवर हजारो मशीन अडकू शकतात.

दुसरी गोष्ट जर्नलची, आणि मला वाटतं सगळ्यांत शिकण्यासारखी हीच. सुरुवातीच्या व्यवस्थेत नोंदी शोधण्याच्या इंडेक्सवर फार भिस्त होती. लहान मुलाचा लॅपटॉप म्हणजे बॅटरी मधेच संपणार, बटण दाबून धरून बंद होणार. अशात इंडेक्स बिघडला तर नोंदी असूनही सापडत नाहीत. २००९ मध्ये आलेल्या ०.८४ आवृत्तीत ही साठवण नव्याने लिहिली गेली. प्रत्येक नोंदीला स्वतःची डिरेक्टरी, शीर्षक, प्रकार वगैरे प्रत्येक माहितीची त्यात छोटी साधी फाइल. इंडेक्स राहिला, पण दुय्यम झाला. तो गेला तर या फायली वाचून पुन्हा तयार करता येतो. डीबीएमएसच्या पेपरात आपण हे चार मार्कांना लिहितो. इथे त्याच्यावर कुणाची तरी चित्रं अवलंबून होती. नव्या साठवणीत जुन्या नोंदी आणून ठेवणं हेही त्या अपडेटचंच काम. मुलाला यातलं काही कळायला नको, ते सकाळी मशीन उघडणार आणि कालचं चित्र जागेवर पाहिजे.

तिसरी युक्ती एक्सओवरची. तिथे अपडेट जुन्या सिस्टीमवर लिहिलंच जात नसे. नवी आवृत्ती शेजारी मांडली जाई, फक्त बदललेला भाग नेटवरून येई, आणि न बदललेल्या फायली दोघींमध्ये हार्डलिंकने सामाईक. त्यामुळे १ जीबीत दोन ऑपरेटिंग सिस्टीम मावत. नवीन चालली नाही तर? सुरू करताना स्क्रीनशेजारचं गोल खुणेचं गेम-बटण दाबून धरायचं, जुनी आवृत्ती परत हजर. पासवर्ड नाही, कमांड नाही. आठ वर्षांचं पोरही करील. नेट नसलेल्या शाळेसाठी पेनड्राइव्ह लावून चार गेम-बटणं एकदम दाबायची सोयही होती.

चौथी गोष्ट थोडी किचकट. १ जानेवारी २०२० ला पायथॉन-२ चा आधार अधिकृतपणे संपला. शुगर आणि तिच्या शेकडो ॲक्टिव्हिटी त्यातच लिहिलेल्या! त्या पायथॉन-३ मध्ये आणायच्या म्हणजे नुसते प्रिंटला कंस लावायचे, असं वाटतं. तसं नाही. पायथॉन-२ मध्ये ७ भागिले २ चं उत्तर ३ यायचं, पायथॉन-३ मध्ये ३.५ येतं. हे साडेतीन जर कोष्टकाच्या ओळींची संख्या म्हणून पुढे गेलं तर प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो. ते परवडलं, निदान ओरडतो तरी. पण तेच एखाद्या खेळात गुण मोजायला वापरलं असेल तर एरर येत नाही, फक्त गुण चुकतात. चुकीचे गुण बघून मूल असं म्हणत नाही की सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. ते म्हणतं, मला गणित येत नाही.

आणि आपल्या मराठीची तर वेगळीच मजा. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा. पायथॉन-२ ची साधी स्ट्रिंग १५ सांगते, कारण ती यूटीएफ-८ चे बाइट मोजते. पायथॉन-३ पाच सांगतं: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. पहिलीतल्या मुलाला विचारा, तो तीन म्हणेल: म, रा, ठी. तिघांत शहाणा कोण ते तुम्हीच ठरवा! अक्षरं ओळखायचा खेळ करायचा तर मुलाचं उत्तर धरावं लागतं. जोडाक्षरात आणखी पेच. ‘क्षमा’मधला ‘क्ष’ हा एक गट धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमाने त्याचे दोन तुकडे पडत. तेव्हा इंग्रजीत नीट चाललेला खेळ मराठीतही चालेल असं गृहीत धरू नका, खेळून बघा.

भाषांतराचंही असंच. पडद्यावरचं प्रत्येक वाक्य एका पीओ फाइलमध्ये असतं, वर मूळ इंग्रजी, खाली भाषांतर. प्रोग्रॅमरने मूळ वाक्यात किरकोळ बदल केला की त्या जोडीवर ‘फझी’ अशी खूण पडते, आणि कोणीतरी तपासेपर्यंत भाषांतर वापरलं जात नाही. म्हणजे काल मराठीत असलेलं बटण अपडेटनंतर इंग्रजी! म्हणून नवी आवृत्ती निघण्याआधी काही दिवस वाक्यं गोठवतात. त्या काळात शब्दाला हात लावायचा नाही, भाषांतर करणाऱ्यांना गाठू द्यायचं. शब्द निवडताना मात्र माझा एक आग्रह आहे. सात वर्षांच्या मुलाला ‘कृपया जतन करा’ कशाला? ‘ठेव’ म्हणा ना. घरात त्याला ‘अहो’ कोण म्हणतं?

आता करून बघायचं असेल तर. ॲक्टिव्हिटी ही एक्सओ एक्स्टेन्शनची फाइल असते, पण आतून ती साधी झिप आहे. उघडा. आत ॲक्टिव्हिटी नावाच्या डिरेक्टरीत एक छोटी माहिती-फाइल दिसेल: नाव, आवृत्ती, सुरू करायची कमांड आणि बंडल आयडी. नाव, चित्र, रंग, काय वाटेल ते बदला, पण दुसऱ्याच्या चालू ॲक्टिव्हिटीचा बंडल आयडी ‘सुटसुटीत’ करायच्या भानगडीत पडू नका. जर्नलमधली प्रत्येक जुनी नोंद याच आयडीवरून आपली ॲक्टिव्हिटी ओळखते. आयडी बदलला की नोंदी पोरक्या. याउलट प्रयोगासाठी प्रत काढली असेल तर आयडी बदलायलाच हवा, नाहीतर तुमची प्रत मूळ ॲक्टिव्हिटीची जागा घेईल. शुगरमध्ये सोर्स बघायची सोय मेनूमागे लपवलेली नाही. एक्सओच्या कीबोर्डवर तर त्यासाठी खास सोय होती. आपल्या कीबोर्डवर ऑल्ट, शिफ्ट आणि व्ही दाबा.

फायनल इयरवाल्यांना एक विनंती. लायब्ररीतलं बीई प्रोजेक्टचं कपाट उघडून बघा, सोनेरी अक्षरांचे काळे रिपोर्ट आणि मागच्या पाकिटात सीडी. त्यातलं किती आज चालेल? दरवर्षी आपण नवीन ‘मॅनेजमेंट सिस्टीम’ बांधतो आणि जूनमध्ये सोडून देतो. त्यापेक्षा चार जणांच्या ग्रुपने शुगरच्या पाच जुन्या ॲक्टिव्हिटी घ्याव्यात, पायथॉन-३ वर नीट चालतात का तपासावं, मराठीत खेळून बघावं, सापडलेल्या चुका दुरुस्त करून वर पाठवाव्यात. तिथे कोड वाचणारा अनोळखी माणूस आपल्या गाइडपेक्षा जास्त प्रश्न विचारतो, हे आधीच सांगून ठेवतो. गुगलच्या समर ऑफ कोडमध्ये शुगर लॅब्ज अनेक वर्षं भाग घेत आली आहे आणि भारतातली बरीच मुलं त्या वाटेने तिथे काम करून आली आहेत.

डेबियनमध्ये शुगर पॅकेज म्हणून मिळते. वेगळं पार्टिशन नको, व्हर्च्युअल मशीन पुरे. आधी कासवाची ‘टर्टल’ ॲक्टिव्हिटी उघडा, भाषा मराठी करा, आणि कुठली बटणं इंग्रजीतच राहिलीत त्यांची यादी काढा. पहिल्या रविवारचं काम एवढंच.