मिरचीचा चुरडा-मुरडा : आधी निदान, मग फवारणी

बीड जिल्ह्यातील परसबागांत मिरचीची पाने आकसली की त्यास चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. नाव एकच असले, तरी कारणे प्रामुख्याने तीन आहेत. पानांच्या कडा वर वळून द्रोणासारखा आकार आल्यास फुलकिडे, तर कडा खाली वळून देठ लांबल्यास कोळी समजावा. पाने बारीक, शिरा जाड व झाड खुजे झाल्यास पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू संभवतो. पहिल्या दोहोंवर प्रारंभीच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. विषाणूवर औषध नाही. असे झाड उपटून नष्ट करावे. शंका असल्यास रोगट फांदी बंद पिशवीतून अंबाजोगाई किंवा खामगाव (ता. गेवराई) येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. निदानावाचून केलेल्या फवारणीने रोग हटत नाही. विष मात्र घरच्या ताटात येते.