विष, विकर आणि पिवळा रंग

पिकावर फवारलेले औषध किड्याला मारते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते नेमका घाव कशावर घालते? मॅलॅथिऑन, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस इत्यादी सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके ज्या विकरावर, म्हणजे एंझाइमवर, घाला घालतात ते किड्यात आहे तसेच माणसातही आहे. त्याचे नाव ॲसिटिलकोलिनएस्टरेज.

मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो ॲसिटिलकोलिन या द्रव्यामार्फत. हुकूम पोहोचताच हे द्रव्य मोडले गेले पाहिजे. ते काम हे विकर करते, आणि त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू मोडतो. विषातील फॉस्फरस विकराच्या कार्यस्थानी असलेल्या सेरिनला घट्ट चिकटला की हे काम थांबते. मग ॲसिटिलकोलिन साचत जाते, लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि अखेर श्वास बंद पडतो. कार्बारिलसारखी कार्बामेट औषधेही त्याच जागी बसतात, पण काही तासांत आपोआप सुटतात. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सांगायचे तर एक उधारी, दुसरे बुडीत कर्ज!

प्रयोगशाळेत हा अवरोध मोजण्याची पद्धत एलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. विकराला ॲसिटिलकोलिनऐवजी ॲसिटिलथायोकोलिन द्यायचे. ते मोडून निघालेल्या द्रव्याचा विशिष्ट रसायनाशी संयोग झाला की पिवळा रंग येतो. तो ४१२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. समजा, नुसत्या विकराच्या नळीत पाच मिनिटांत मापन ०.६० आले आणि भाजीचा अर्क घातलेल्या नळीत ०.१५, तर अवरोध ७५ टक्के झाला. मात्र अर्क आणि विकर आधी काही मिनिटे एकत्र ठेवावे लागतात. विषाला चिकटायला वेळ लागतो. सगळे एकदम मिसळले तर अवरोध कमी दिसतो.

खरी मेख पुढेच आहे. शुद्ध मॅलॅथिऑन नळीतल्या विकराला फारसे रोखत नाही. शरीरात गेल्यावर त्यातील फॉस्फरसला जोडलेल्या गंधकाची जागा ऑक्सिजन घेतो, मॅलाऑक्सॉन तयार होते, आणि घातक आहे ते हे. म्हणून अर्कावर आधी ब्रोमीनच्या पाण्याची क्रिया करून हा बदल नळीतच घडवतात. ही पायरी गाळली तर विषारी भाजीही सहज उत्तीर्ण होईल. सायपरमेथ्रिनसारखी औषधे तर या विकराच्या वाटेलाच जात नाहीत. ती मज्जातंतूतील सोडियमच्या मार्गांवर काम करतात. तेव्हा नळी पिवळी झाली म्हणून भाजी निर्विष ठरत नाही. अवरोध दिसला तरी विष कोणते, हे ही कसोटी सांगत नाही.

हीच कसोटी माणसाच्या रक्तावरही करतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा कामावर जाणाऱ्यांसाठी ती फार उपयोगाची आहे. पण निरोगी माणसांतही या विकराचे प्रमाण सारखे नसते. एखाद्याचे विकर मूळचेच भरपूर असेल, तर त्यातले बरेच निकामी झाल्यावरही आकडा सर्वसाधारण मर्यादेत बसतो. त्यामुळे फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाचे रक्त एकदा तपासून आकडा नोंदवून ठेवावा लागतो, आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहावा लागतो.