आकाशातून दिसणारी मेर



पावसाळ्याआधी एका पाड्यावर गेले होते. एका आजोबांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. वनहक्काचा दावा नामंजूर झाला होता. कारण लिहिले होते : उपग्रह छायाचित्रात शेती दिसत नाही. आजोबा म्हणाले, "ताई, माझा बापही इथंच नागली पेरायचा. वरून ती कशी दिसली नाही?"

वनहक्क कायदा २००६ चा आहे. आदिवासी कुटुंबाच्या ताब्यात ती वनजमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून असावी लागते. म्हणून त्या तारखेआधीची छायाचित्रे मोलाची ठरतात. पूर्वी असे नकाशे कचेरीच्या कपाटात असत. आता तसे नाही. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची छायाचित्रे २००८ पासून सर्वांना मोफत मिळतात. इस्रोचे 'भुवन' हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ साली सुरू झाले. मोबाइल असलेला पाड्यावरचा तरुणही ते पाहू शकतो.

पण पाहताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. लँडसॅटच्या छायाचित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असतो. एक एकर शेत म्हणजे जेमतेम साडेचार ठिपके. डोंगरउतारावरचा लहान तुकडा त्यात सहज हरवतो.

२. पावसाळ्यात ढग आड येतात. पीक कापल्यावर किंवा जमीन पड ठेवलेल्या वर्षी शेत माळरानासारखे दिसते. म्हणून एकाच दिवसाचे नव्हे, अनेक वर्षांचे छायाचित्र पाहावे.

३. शेतात राखलेली मोहाची झाडे वरून जंगलच भासतात.

हे ओळखूनच २०१२ च्या सुधारित नियमांत म्हटले आहे की उपग्रह छायाचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे. ते त्यांची जागा घेऊ शकत नाही. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी घरे, बांध, विहिरी, स्मशानभूमी हेही पुरावेच आहेत. ग्रामसभेचा किंवा उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

आजोबांच्या हाती नऊच दिवस उरले होते. दोन शेजारी म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले, बांधाचे फोटो काढले आणि अपील दाखल केले. निकाल अजून यायचा आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात शेजाऱ्याची हद्द हलवणे हा मोठा अपराध मानला आहे. आज हद्द कागदावर आणि पडद्यावरही हलते. नकाशा सर्वांसाठी खुला झाला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु तो वाचून दाखवणारा कोणी शेजारी बसला, तरच तो गरिबाच्या उपयोगी पडतो.

मंडळीत चर्चेसाठी :

• आपल्यातील कोणते तरुण महिन्यातून एक दिवस पाड्यावर नकाशा वाचून दाखवतील?

• आपल्या ओळखीच्या कोणा कुटुंबाची ६० दिवसांची मुदत चालू आहे काय?