पिशवी काढायची म्हणतात, पण अंडाशयाचं काय?

मैत्रिणींनो, बैठकीत कर्जाचं कारण विचारलं की अधूनमधून एक उत्तर येतंच, "पिशवीचं ऑपरेशन." वय विचारावं तर पस्तीस, अडतीस. म्हणून या अंकात हार्मोनविषयी लिहिते आहे.

हार्मोन म्हणजे शरीरातला निरोप्या. एका जागी तयार होतो आणि रक्तातून जाऊन दुसऱ्या जागी काम सांगतो. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स तिथं तयार होतात, पिशवीत नाही. इस्ट्रोजेनमुळे पिशवीचं आतलं अस्तर वाढतं, प्रोजेस्टेरॉन ते टिकवतं. दिवस गेले नाहीत की दोन्ही कमी होतात, अस्तर सुटतं, तीच आपली पाळी. टेस्टोस्टेरॉनला पुरुषी हार्मोन म्हणतात, पण थोडं आपल्या अंगातही असतं, आणि पुरुषांत थोडं इस्ट्रोजेन! (हे सांगितलं की बैठकीत हमखास हशा होतो.)

इस्ट्रोजेनचं काम पाळीपुरतं नाही. हाडांची झीज तेच रोखतं. आपल्याकडे पाळी साधारण 45 ते 50 च्या दरम्यान जाते. त्याआधीच दोन्ही अंडाशयं काढली तर हा पुरवठा एकदम तुटतो. अंगातून गरम वाफा निघतात, झोप लागत नाही, चिडचिड होते. हाडं मात्र गुपचूप ठिसूळ होत जातात, आणि मोळी तर उचलावीच लागते. अंडाशयं ठेवून नुसती पिशवी काढली तरी पुष्कळ जणींची अंडाशयं लवकर थकतात.

बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा ऊसतोड करणाऱ्या 13 हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली आढळली. पाळीत खाडा झाला तर पैसे कापतात, म्हणून कित्येकींनी ऑपरेशन करून घेतलं. मला तर हा आजारापेक्षा मजुरीचा प्रश्न वाटतो.

कॅन्सर असेल, रक्तस्राव कशानंच थांबत नसेल, तर ऑपरेशन लागतं. तिथं घाबरून मागं राहू नका. पण अंगावरून पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधानं बरं होतं. "कॅन्सर होईल" एवढ्या भीतीवर सही करू नका. "गोळ्यांनी होणार नाही का? अंडाशयं ठेवणार की काढणार?" हे विचारा, आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

जिचं ऑपरेशन आधीच झालंय, तिनं डिस्चार्ज कार्ड शोधून आशाताईंकडून वाचून घ्यावं. दोन्ही अंडाशयं काढली असतील आणि वय 45 च्या आत असेल, तर हाडांची तपासणी आणि हार्मोनच्या गोळ्या यांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं. गोळ्या स्वतःच्या मनानं मेडिकलमधून आणू नयेत.